चार जुलैचे फटाके गल्लीने मिळून ठरवावेत

मागच्या वर्षी २७ जूनला रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या मागच्या रस्त्यावर कोणीतरी एकापाठोपाठ आठ-दहा मोठे बार उडवले. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, चार जुलैला, अजून आठवडा होता, शुक्रवारची रात्र, कोणाकडे तरी पार्टी असणार. माझा धाकटा दचकून उठला, पाणी प्यायला आणि परत झोपला, आम्हीही झोपलो. सकाळी झाडांना पाणी घालायला बाहेर गेले तर शेजारचे आजोबा (नाव लिहीत नाही, माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात) ड्राइव्हवेमध्ये त्यांच्या गाडीत बसलेले, अंगावर रात्रीचेच कपडे. एकोणिसाव्या वर्षी व्हिएतनामच्या युद्धावर गेलेला माणूस. बरं वाटत नाहीये का विचारलं तर म्हणाले रात्रभर इथेच आहे, घरात बसवेना. मग जरा वेळाने म्हणाले, चार तारखेचं मला काही वाटत नाही, ती रात्र येणार हे मला माहीत असतं, मी तळघरात पंखा आणि टीव्ही मोठ्याने लावून बसतो, कालच्या रात्रीचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते "कोणी सांगितलं नव्हतं" माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा लेख त्याच्यामुळेच लिहितेय.

आम्ही पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, बक्स काउंटीत राहतो. दरवर्षी जून आला की इथे घरगुती फटाक्यांवरून वाद सुरू होतो. एक गट म्हणतो सगळं बंद करा, फक्त टाउनशिपचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचा) आतषबाजीचा शो ठेवा. दुसरा म्हणतो आमचं घर, आमचं अंगण, आमचा स्वातंत्र्यदिन, तुम्ही कोण सांगणारे. मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं गल्लीतले फटाके राहावेत, मनापासून वाटतं, पण ते गल्लीने मिळून ठरवलेले असावेत, जागा एक, वेळ एक आणि आधी प्रत्येक दारात जाऊन सांगितलेले. आणि इथे राहणाऱ्या आपण मराठी लोकांनी यात मागे उभं राहू नये, पुढे व्हावं, कारण दिवाळीला आपल्यालाही शेजाऱ्यांकडून नेमकं हेच हवं असतं.

आधी हे सांगते की मला हा दिवस का आवडतो, नाहीतर वाटेल की मी तक्रार करायलाच बसलेय. अमेरिकेतल्या उपनगरात वर्षभर माणसं दिसत नाहीत. गाडी गराजमध्ये जाते, दार खाली येतं, संपलं. चार जुलैला मात्र सकाळपासून गराजची दारं उघडी असतात. परेडच्या रस्त्यावर लोक आदल्या रात्रीच फोल्डिंगच्या खुर्च्या मांडून जागा धरतात आणि कोणी कोणाची खुर्ची हलवत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. सकाळी फायर इंजिनं येतात, हायस्कूलचा बँड येतो, जुन्या गाड्या येतात, लहान मुलं सायकलींना लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्या गुंडाळून मागून येतात. दुपारी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात ग्रिल पेटतं. आमच्याकडे सासूबाई-सासरे सांगलीहून उन्हाळ्याचे सहा महिने येतात, तर आई मक्याच्या कणसांना लिंबू आणि तिखटमीठ लावून देतात आणि भेळेचं सामान वेगवेगळ्या डब्यात भरून नेतात, समोरच्या घरातली मुलगी आता स्वतःच येऊन विचारते की चिंचेची चटणी आहे ना. बाबांना इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, पण एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, कोणाशीही पाच मिनिटात गप्पा जमवतो. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ज्या शेजाऱ्यांना आम्ही लांबून हात करतो, त्यांच्याबरोबर त्या एका दिवशी संध्याकाळपर्यंत बसतो. साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, सव्वानऊपर्यंत पुरता अंधार होतो, मग गल्लीच्या गोल टोकाला मुलं फुलबाज्या घेऊन उभी राहतात. हे जावं असं मला अजिबात वाटत नाही. टाउनशिपचा शो छानच असतो, पण तिथे आपण हजारोंच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत असतो, शेजाऱ्याशी बोलणं काही होत नाही.

आणि हे फटाके काही मागून चिकटलेलं खूळ नाही. जॉन अ‍ॅडम्स (स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक, पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी ३ जुलै १७७६ ला फिलाडेल्फियाहून बायकोला, अ‍ॅबिगेलला पत्र लिहिलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की हा दिवस पुढच्या पिढ्यांनी मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, शेकोट्या आणि रोषणाई करून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साजरा करावा. (त्यांच्या मनात दिवस होता २ जुलै, कारण स्वातंत्र्याचा ठराव त्या दिवशी पास झाला होता, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला चारला आणि लोकांनी तोच धरला.) पुढच्याच वर्षी, १७७७ ला, फिलाडेल्फियात आतषबाजी झाली, शहराच्या सामायिक मैदानावर, सुरुवातीला १३ आणि शेवटी १३ अग्निबाण, तेरा वसाहतींचे. म्हणजे पहिल्यापासून प्रथा आहे, आणि पहिल्यापासून ती सगळ्यांच्या मैदानावरची आहे. पण त्याच रात्री आणखी एक गोष्ट झाली जी सहसा कोणी सांगत नाही. ज्या घरांनी खिडकीत दिवे लावले नाहीत, त्यात युद्धाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाच्या मंडळींची घरं होती, त्यातल्या बऱ्याच घरांच्या काचा फोडल्या गेल्या. शेजाऱ्याला न विचारता केलेला आनंद त्याच्या काचेवर जाऊन आदळतो, हे अगदी पहिल्या वर्षापासूनचं आहे.

नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षात हा प्रकार फारच हाताबाहेर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलांच्या हातात खेळण्यातली पिस्तुलं आणि कोरी काडतुसं असायची, तळहाताला जखम व्हायची, त्यात माती जायची आणि काही दिवसांनी मूल धनुर्वाताने जायचं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने १९०३ पासून याची मोजदाद सुरू केली तेव्हा त्या एका वर्षीच ४०० हून जास्त मृत्यू निघाले, बहुतेक धनुर्वाताचे. एका सणाचे चारशे मृत्यू, आणि त्यात मुलं किती. त्यातून एक चळवळ उभी राहिली, तिचं नाव "सेफ अँड सेन फोर्थ", म्हणजे सुरक्षित आणि शहाणा चार जुलै. डॉक्टर, शिक्षक, बायकांच्या संघटना, गावोगावच्या नगरपालिका सगळे त्यात होते, आणि त्यांनी नुसती बंदी मागितली नाही तर बदल्यात काहीतरी दिलं. परेड, पार्कमधली पिकनिक, गाणी, मुलांच्या शर्यती आणि रात्री गावाने मिळून केलेली एक आतषबाजी, हे आज आपल्याला अगदी अनादि वाटणारं चार जुलैचं रूप आहे ना, त्याचा पुष्कळसा भाग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या दुरुस्तीतून आलाय. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय, कारण फटाक्यांवर काही बोललं की लगेच "आमची परंपरा मोडता" असं येतं, इथेही येतं आणि आपल्याकडे दिवाळीतही येतं. परंपरा एकदा दुरुस्त झालीय आणि नंतर जास्त चांगली जगलीय, हे इथल्या लोकांच्या स्वतःच्या इतिहासातलं आहे.

आता आजचं बघा. पेनसिल्व्हेनियात पूर्वी अशी गंमत होती की आकाशात उडणारे मोठे फटाके दुकानात मिळायचे पण बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाच, इथल्या रहिवाशाला नाही. २०१७ च्या कायद्याने ते सगळ्यांना खुले झाले. मग इतका त्रास वाढला की २०२२ ला कायदा पुन्हा बदलावा लागला. आता सकाळी १० ते रात्री १० ही वेळ आहे, २, ३ आणि ४ जुलैला आणि ३१ डिसेंबरला मात्र रात्री १ वाजेपर्यंत परवानगी, आणि इमारतीपासून १५० फुटाच्या आत उडवायचे नाहीत. आता १५० फूट म्हणजे किती ते आमच्या गल्लीत पावलं टाकून मोजलं, कुठल्याच एका घराच्या अंगणात बसत नाही. म्हणजे जो तो आपापल्या ड्राइव्हवेमध्ये जे करतोय ते आधीच कायद्याबाहेर आहे, फक्त कोणी बोलत नाही. त्यातल्या त्यात लांब जागा आमच्याकडे एकच, गल्लीपलीकडचं बेसबॉलचं मैदान, टाउनशिपची परवानगी काढली तर तिथे जमतं. परवानगी कोण काढणार? एकटा माणूस काढत नाही, गल्ली मिळून काढू शकते.

दुखापतींचे आकडेही लहान नाहीत. सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ ला देशभरात फटाक्यांनी ११ मृत्यू झाले आणि सुमारे १४,७०० जण जखमी. आपण फुलबाजीला निरुपद्रवी समजतो, तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो, पण ती साधारण १,१०० अंश सेल्सिअसला जळते. आमच्याच गल्लीत एका पाहुण्यांच्या मुलीने विझलेली फुलबाजी जळक्या टोकाने धरली, बोटं भाजली, रात्री इमर्जन्सीत जावं लागलं. पाण्याची बादली तिथे असती तर ती तार बादलीत गेली असती. बादली आणायची हे कोणाचं काम नव्हतं कारण कार्यक्रम कोणाचाच नव्हता.

मग बंदीच का नको? मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिथे सामान्य माणसाला फुलबाजीसुद्धा चालत नाही, देशात असं एकच राज्य. आणि सीमेपलीकडे न्यू हॅम्पशायरमध्ये दुकानं आहेत, लोक डिकी भरून आणतात. आमच्याकडेही डेलावेअर नदीच्या अलीकडच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये जूनच्या शेवटी उभं राहा आणि नंबर प्लेटा बघा, नदीपलीकडच्या न्यू जर्सीच्या किती असतात, जिथे २०१७ पासून फुलबाजी आणि तत्सम जमिनीवरचं चालतं पण उडणारं काही चालत नाही. बंदीने फटाके थांबत नाहीत, ते चोरून उडतात, आणि चोरून उडणारा फटाका कधी उडेल ते कोणालाच कळत नाही, पोलिसांनाही नाही आणि शेजारच्या आजोबांना तर नाहीच. ज्याला आवाजाने त्रास होतो त्याच्या दृष्टीने आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येणार हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं, हे मला त्या सकाळपर्यंत कळलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एका घरात ऑटिझम असलेला मुलगा आहे, त्याची आईही तेच म्हणते, वेळ सांगा, मी त्याला कानाला हेडफोन लावून तयार ठेवते, वेळ नाही सांगितली तर तीन दिवस घर विस्कटतं. कुत्र्यांचंही तेच, वेळ माहीत असेल तर आतल्या खोलीत नेता येतं.

"माझं स्वातंत्र्य" वाल्यांशी मला थोडं वेगळं बोलायचंय. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य आहे, सगळी माणसं समान निर्माण झाली वगैरे, जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध. पण शेवटचं वाक्य वाचा, माझ्या मोठ्या मुलीच्या अभ्यासात होतं म्हणून मी वाचलं. त्यात सही करणारे म्हणतात की आम्ही आमचे प्राण, आमची संपत्ती आणि आमची पवित्र प्रतिष्ठा एकमेकांना तारण देतो. एकमेकांना! ५६ जणांनी सही केली, राजद्रोहाला फाशी होती आणि त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी शब्द दिला तो एकमेकांना दिला. त्या कागदाचा वाढदिवस साजरा करताना शेजाऱ्याला एक वेळ सांगणं हे कोणी स्वातंत्र्यावर घाला समजत असेल तर त्याने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं असं मी अगदी गंभीरपणे म्हणते. यंदा तर त्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत, ४ जुलै २०२६, शनिवार, सगळीकडे फटाके दुपटीने उडणार, आणि फिलाडेल्फियाच्या आसपास तर विचारूच नका.

आता आपल्या मराठी मंडळींकडे येते. आपल्याकडे चार जुलै म्हणजे लाँग वीकेंड. नायगारा, स्मोकी माउंटन्स, नाहीतर कॅलिफोर्नियातल्या मित्राकडे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची (ही उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था) अधिवेशनंसुद्धा बऱ्याचदा याच सुमाराला असतात, २०१५ चं लॉस एंजेलिसचं अधिवेशन तर ऐन चार जुलैच्या वीकेंडला होतं, आणि मला त्यात चूक काही वाटत नाही, हजारो मराठी लोक तीन दिवस एकत्र येतात ती मोठीच गोष्ट आहे. पण दरवर्षी गल्ली सोडून जाणं आणि मग म्हणणं की इथले लोक आपल्याला आपलं मानत नाहीत, हे जुळत नाही. आम्हीही पहिली आठ वर्षं दर चार जुलैला कुठेतरी जात होतो. मनात असंही असायचं की हा त्यांचा दिवस, आपला पंधरा ऑगस्ट. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी हातात छोटा झेंडा दिला आणि महिन्याभरात भारतीय पासपोर्ट रद्द करायचा फॉर्म भरायला बसले, तेव्हा मी रडले होते, ते अजून आठवतं. पंधरा ऑगस्टला "जन गण मन" लागलं की आजही उभी राहते आणि राहणार. पण मुलं इथली आहेत, घर इथलं आहे, म्हातारपण बहुधा इथेच जाणार, तर हा दिवस नुसता बघण्यापुरता माझा आहे असं म्हणून कसं चालेल. हा दिवस कोणाचा, हा प्रश्न काही आपणच पहिल्यांदा विचारत नाही. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेले, ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये भरसभेत म्हणाले होते की हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. आणि त्याच भाषणात त्यांनी जाहीरनाम्यातली तत्त्वं सोडली नाहीत, उलट ती धरूनच जाब विचारला. त्यांच्यासमोर आपला संकोच फारच छोटा आहे.

आणि देवाणघेवाणीचं म्हणाल तर सरळ आहे. वर सांगितलेल्या कायद्यात रात्री एकपर्यंत परवानगीचे दिवस आहेत त्या यादीत दिवाळी नाही. पेनसिल्व्हेनियाने २०२४ ला दिवाळीला अधिकृत मान्यता दिली, कॅलिफोर्नियाने २०२५ ला दिली, न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना सुट्टी मिळायला लागली, हे सगळं छान आहे, पण नोव्हेंबरच्या थंडीत आपण अंगणात भुईनळा लावतो तेव्हा शेजारी खिडकीतून बघतो आणि त्याला काहीच माहीत नसतं की आज काय आहे. त्याने पोलिसांना फोन केला तर आपल्याला अपमान वाटतो. मग मला सांगा, २७ जूनला रात्री साडेअकराला बार उडतात तेव्हा आजोबांना जे वाटतं आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आपण माळ लावतो तेव्हा त्यांना जे वाटतं, त्यात त्यांच्यासाठी काय फरक आहे? जे आपण चार जुलैला पाळू तेच दिवाळीला मागू शकतो, त्याआधी मागायला तोंड नाही.

भारतातला अनुभवही हेच सांगतो असं मला वाटतं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० अशी दोन तासांची वेळ आणि ग्रीन फटाके असं सांगितलं. नियम चांगलाच होता, पण वरून आला, खाली गल्लीत कोणी बसून बोललं नाही, त्यामुळे पहाटे साडेचारला सुतळी बॉम्ब फुटायचे ते फुटतच राहिले. उलट पुण्यात माझ्या माहेरच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून ठरवलं की पाडव्याच्या संध्याकाळी एकाच वेळी पार्किंगबाहेरच्या मोकळ्या जागेत उडवायचे, वर्गणी काढायची, आवाजाचं काही आणायचं नाही, आणि ते पाळलं जातं, कारण ठरवणारे तेच होते. चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या पेशंट असलेल्या काकू त्या संध्याकाळी बहिणीकडे जातात, त्यांना तारीख माहीत असते. इथेही धुराचा प्रश्न आहेच, देशभरातल्या ३१५ ठिकाणच्या नोंदींवरून २०१५ ला एक अभ्यास आला होता, त्यात चार जुलैला हवेतले सूक्ष्म कण दिवसभराच्या सरासरीत ४२ टक्के जास्त निघाले होते, आणि सगळ्यात जास्त रात्री नऊ-दहाला. एक तास उडवले तर तो धूर एक तासाचा, पाच रात्री उडवले तर पाच रात्रींचा.

पश्चिमेकडच्या राज्यांचं मात्र वेगळं आहे, तिथे मी हे सगळं म्हणणार नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ऑरेगनला कोलंबिया नदीच्या दरीत एका पंधरा वर्षांच्या मुलाने स्मोक बॉम्ब फेकला आणि ४८ हजार एकरांहून जास्त जंगल जळलं. तिथे गवत वाळलेलं असताना अंगणात रॉकेट लावायचा हक्क कोणालाच नसावा. सॉल्ट लेक सिटी आणि बोल्डरने २०२३ ला आतषबाजीऐवजी ड्रोनचा शो केला, बरोबर केलं. ड्रोनला फटाक्यांच्या दारूचा वास नाही, छातीत घुमणारा आवाज नाही, मला त्याची चुटपुट लागेल, पण जंगलापुढे माझी चुटपुट काहीच नाही.

तर आमच्या गल्लीत यंदा काय करतोय ते सांगते. तेवीस घरं आहेत. मी आणि समोरच्या घरातली बाई, दोघींनी मिळून अर्ध्या पानाचा कागद केलाय आणि प्रत्येक दारात स्वतः जाऊन देतोय, कारण ग्रुपवर टाकलं की अर्धे लोक वाचत नाहीत आणि उरलेले भांडतात. फटाके फक्त चार जुलैला, रात्री सव्वानऊ ते सव्वादहा, बेसबॉलच्या मैदानावर, टाउनशिपकडे अर्ज दिलाय. वर्गणी मिळून, सामान एकदाच आणायचं, लावणारे तिघेच आणि त्यांनी तोवर बिअर घ्यायची नाही. पाण्याच्या चार बादल्या, त्यातल्या दोन आमच्या. मुलांना जमिनीवरचं आणि रंगीत, मोठे आवाज नाहीत. पाच तारखेला सकाळी नऊला झाडू घेऊन सगळे. आणि राज्याच्या आमदाराला सगळ्यांच्या सहीचं एक पत्र, की रात्री एकची वेळ अकरावर आणा आणि दिवाळीची एक संध्याकाळ यादीत घाला. आजोबांना पत्र दाखवलं तर त्यांनी पहिली सही केली, आणि म्हणाले दिवाळीची तारीख पण या कागदावरच लिहा, दरवर्षी बदलते म्हणता ना.

म्हणून खाली लिहिलंय, रविवार ८ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसहा ते आठ. आत्तापर्यंत एकोणीस घरांनी हो म्हटलंय. मागच्या रस्त्यावरची घरं आमच्या तेवीसमध्ये नाहीत, आणि २७ जूनचे बार तिकडूनच आले होते, तर येत्या रविवारी बाबांना बरोबर घेऊन तिकडे जाणार आहे.